रोख भरलेलं बिल डिडक्टिबलमध्ये धरून घेताना क्लेम कुठे अडतो

अमेरिकेत हाय-डिडक्टिबल आरोग्य विमा प्लॅन असला की वर्षाची सुरुवातीची बिलं आपल्याच खिशातून जातात. विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची ही रक्कम म्हणजे डिडक्टिबल. एचएसएला (आरोग्यखर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) चालणाऱ्या प्लॅनचं डिडक्टिबल 2026 साली एकट्याला किमान 1,700 डॉलर आणि कुटुंबाला 3,400. मग एमआरआयचा रोखीचा (विमा न लावता भरायचा) दर इन्शुरन्सच्या दरापेक्षा कमी निघाला की आपण कार्ड काढून मोकळे होतो. पैसे घेताना कुणी अडवत नाही. अडतं नंतर, ते डिडक्टिबलमध्ये धरा म्हणून क्लेम केला की.

पहिली गफलत सहीची. सेल्फ-पेच्या, म्हणजे स्वतः पैसे भरण्याच्या, कागदावर ‘इन्शुरन्सला बिल पाठवू नये’ असं वाक्य बऱ्याचदा असतं. त्यावर सही करून आलात आणि केंद्र इन-नेटवर्क, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं, असेल, तर नंतर स्वतः क्लेम लावणं बहुधा जमत नाही. म्हणून आधीच विमा कंपनीला विचारा: रोख भरलं तर मेंबर क्लेम (आपण स्वतः पाठवलेला) घ्याल का, आणि कोणत्या डिडक्टिबलमध्ये धराल? आउट-ऑफ-नेटवर्कचं अनेकदा वेगळं असतं. एचएमओ, ईपीओ या नेटवर्कपुरत्या प्लॅनमध्ये इमर्जन्सी सोडून बाहेरचं सहसा धरतच नाहीत. कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या, पुढे तोच कामाला येतो.

फॉर्म साइटवर मिळतो, पावती सगळ्यांकडे असते. नसतं ते सुपरबिल, म्हणजे तपासणीचे आणि आजाराचे कोड असलेलं तपशीलवार बिल. माझ्या मैत्रिणीचा क्लेम दोनदा परत आला. पहिल्यांदा तिने कार्डाची स्लिप जोडली होती, त्यावर नुसती तारीख आणि रक्कम. दुसऱ्यांदा बिल आणलं, त्यात तपासणीचा सीपीटी कोड होता, पण आजाराचा आयसीडी-10 कोडच नव्हता. डॉक्टरांचा एनपीआय (ओळख) नंबर आणि टॅक्स आयडीही लागतो. एवढ्या एका रिकाम्या रकान्यासाठी विमा कंपनीने साधा फोन करायला काय हरकत आहे? पण तसं होत नाही, थेट नकाराचं पत्र येतं. तेव्हा काउंटर सोडण्याआधी तिथेच उभं राहून सुपरबिल ओळ न ओळ वाचा.

क्लेम पाठवायची मुदतही चुकीची मोजली जाते. मुदत किती ते प्लॅनच्या पुस्तिकेत असतं, पण दिवस बहुतेक ठिकाणी उपचाराच्या तारखेपासून मोजतात, बिल हातात आल्यापासून नाही. डिसेंबरात केलेल्या तपासणीचे पैसे जानेवारीत भरले तरी ती जुन्याच वर्षात धरली जाते.

इन्शुरन्स वापरायचाच नसेल तर लेखी ‘गुड फेथ एस्टिमेट’, म्हणजे खर्चाचा आधीच दिलेला अंदाज, मागा. 2022 पासून तो तुमचा हक्क आहे. बिल त्याहून 400 डॉलर किंवा जास्त फुगलं, तर पहिल्या बिलापासून 120 दिवसांत तक्रार करता येते.

क्लेम नाकारला तरी एचएसएतून ते पैसे काढता येतात, फक्त खातं उपचाराआधी उघडलेलं हवं. सुट्टीत भारतात केलेलं रूट कॅनलही चालतं, पण दातांच्या डॉक्टरांकडून तारीख आणि उपचार लिहिलेलं बिल घेऊनच विमानात बसा. इथे भेटीला आलेल्या आईबाबांचं बिल मात्र एचएसएतून भरू नका. टॅक्सच्या नियमांत ते तुमचे अवलंबित ठरत नसतील, तर त्या रकमेवर इन्कम टॅक्स लागतो आणि तुमचं वय 65 च्या आत असेल तर वर 20 टक्के दंड.