भांडण नक्की कुठल्या तारखेला सुरू झालं? जर्मनीतल्या वकिलाच्या विम्याची पार्श्वभूमी

जर्मनीत नव्याने आलेल्या आपल्या लोकांमध्ये तीन विम्यांची चर्चा हमखास होते, एक हेल्थचा, दुसरा आपल्या हातून कुणाचं नुकसान झालं तर भरपाईचा, आणि तिसरा हा वकिलाचा, म्हणजे भांडण झालं तर वकिलाचा आणि कोर्टाचा खर्च भरणारा, ज्याला इथे रेष्ट्सशुट्झ म्हणतात. पहिल्या दोनांवर सगळेच भरभरून बोलतात. तिसऱ्याबद्दल प्रश्न ठरलेला, "घ्यावा का?", आणि विचारणाऱ्याच्या हातात तोवर बहुतेक वेळा नोकरीची नाहीतर घराची नोटीस पडलेली असते. मग कुणीतरी सांगतं की आता उशीर झाला, तीन महिन्यांचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे विमा घेतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत उपटलेल्या भांडणाला पैसे मिळत नाहीत. हे उत्तर अर्धवट आहे. वेटिंग पिरियड सगळ्यांना कळतो हो, पण तो मोजताना भांडणाची तारीख कुठली धरायची तिथे खरी गोम आहे, आणि त्या एका तारखेवरून कंपन्या आणि गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं कोर्टात भांडतायत.

थोडं मागे जाऊ. गरिबाला कोर्टात फीमाफी ही सोय १८७७ च्या दिवाणी प्रक्रियेच्या कायद्यातही होती. १८९४ मध्ये न्युर्नबर्गला कामगारांनी स्वतःचं सल्ला केंद्र काढलं, अपघाताची भरपाई, थकलेला पगार असल्या गोष्टींवर तिथे माणूस बसून अर्ज लिहून द्यायचा. आजही युनियनचा मेंबर असाल तर नोकरीच्या भांडणात युनियनचा वकील मिळतो आणि भाडेकरू संघटनेचे मेंबर असाल तर घराच्या भांडणात सल्ला मिळतो, ही जुनी परंपरा आहे, विमा नंतर आला.

आणि आला तो साध्या माणसासाठी नाहीच. १९१७ ला फ्रान्समधल्या ल माँ गावात गाडीवाल्यांसाठी पहिली अशी कंपनी निघाली. जर्मनीत १९२८ ला निघाली तीही गाडीवाल्यांचीच, १९३५ ला ड्युसेलडॉर्फमध्ये एका वकिलाने काढली तीही तशीच. त्या काळी गाडी असणारा म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणूस. नोकरी, घरभाडं, खरेदी-विक्री हे सगळं महायुद्धानंतर हळूहळू पॉलिसीत आलं. १९६९ आणि १९७५ च्या नमुना अटी जुन्या पॉलिसींमध्ये अजून दिसतात. १९९४ पर्यंत या अटींना सरकारी मंजुरी लागायची त्यामुळे सगळ्या कंपन्यांचा कागद साधारण एकसारखा, १९९४ ला ती मंजुरी युरोपच्या नियमांमुळे गेली आणि तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापलं कलम लिहायला मोकळी झाली. पुढचा सगळा गुंता इथून वाढलाय असं माझं मत.

हा विमा इथेच एवढा का फोफावला याचं कारण मला तरी फीच्या तक्त्यात दिसतं. इथे वकिलाची किमान फी कायद्याने ठरलेली, आधी १९५७ च्या कायद्याने, मग २००४ च्या. भांडण किती रकमेचं त्यावर फी, आणि हरणाऱ्याने दोघांचीही भरायची. म्हणजे विमा कंपनीला एखादं प्रकरण जास्तीत जास्त कितीला पडेल हे बऱ्यापैकी आधीच कळतं. तासावर बिल लावणाऱ्या देशात हा धंदा एवढा सोपा नाही. शिवाय "जिंकलो तर फी द्या" हा सौदा इथल्या वकिलाला पूर्ण बंद होता, २००६ च्या घटना कोर्टाच्या निकालानंतर २००८ ला थोडी फट उघडली, २०२१ ला २००० युरोपर्यंतच्या पैशाच्या दाव्यांना अजून थोडी. १९८१ पासून कोर्ट खर्चाची मदत आणि स्वस्त सल्ला सरकारकडून मिळतो, सल्ल्याचे वकिलाला स्वतःच्या खिशातून १५ युरो द्यायचे, पण तो ज्यांचं उत्पन्न अगदी कमी त्यांना. जो ना गरीब ना श्रीमंत, तो मधला पगारदार उरतो, तोच या विम्याचा गिऱ्हाईक.

नोकरीच्या केसमध्ये तर अजून एक कलम आहे जे आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. लेबर कोर्टात पहिल्या पायरीवर तुम्ही जिंकलात तरी तुमच्या वकिलाची फी तुमचीच. काढून टाकल्याच्या केसमध्ये रक्कम धरतात ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ग्रॉस पगाराएवढी, म्हणजे महिना ४००० युरो असेल तर १२००० चं भांडण आणि त्यावरची फी. आणि कोर्टात जायला नोटीस हातात पडल्यापासून तीन आठवडे. विमा नसला की त्या तीन आठवड्यांतला पहिला आठवडा वकील परवडेल का याच विचारात जातो.

वकील कोणी निवडायचा हा वाद बाहेर जास्त गाजला, इथे आटोपता घेतो. ज्याने तुम्हाला गाडीने ठोकलं त्याचाही विमा तुमच्याच कंपनीत आणि तुमचा वकीलही तीच देणार, मग तुमच्यासाठी ती स्वतःविरुद्ध कशी लढेल? जर्मनीत म्हणून हा विमा विकणारी कंपनी वेगळीच असावी लागायची. बाकी युरोपात तसं नव्हतं. १९८७ च्या युरोपीय निर्देशाने तडजोड केली, वेगळी कंपनी ठेवा, नाहीतर वेगळा स्टाफ ठेवा, नाहीतर गिऱ्हाइकाला पहिल्या दिवसापासून वकील निवडू द्या. आणि प्रकरण कोर्टात जात असेल तर वकील गिऱ्हाइकाचाच. १९९० पासून हे लागू. पुढे लक्झेंबर्गच्या युरोपीय कोर्टाने तो हक्क वाढवतच नेला, एकाच घोटाळ्यात खूप लोक बुडाले म्हणून कंपनी वकील लादू शकत नाही असं २००९ ला ऑस्ट्रियाच्या केसमध्ये, आमचे स्वतःचे कायदेवाले आहेत त्यांच्याकडूनच करून घ्या असंही म्हणता येणार नाही हे २०१३ ला नेदरलँड्सच्या केसमध्ये, सरकारी ऑफिसातली प्रक्रियाही यात मोडते हे २०१६ ला, मध्यस्थीसुद्धा हे २०२० ला बेल्जियमच्या. जर्मनीच्या दिवाणी प्रकरणांच्या सर्वोच्च कोर्टाने, जे कार्ल्सरूहला आहे, डिसेंबर २०१३ मध्ये मात्र कंपनीने सुचवलेला वकील घेतला तर डिडक्टिबल, म्हणजे खर्चातला आपल्या खिशातून भरायचा वाटा, वाढणार नाही अशी लालूच चालेल म्हणून सांगितलं. हक्क शाबूत आणि गाजर पण शाबूत. मला ते पटलेलं नाही, ज्याच्याकडे पैसे कमी तो गाजराकडेच जाणार ना.

आता तारीख.

पॉलिसीत शब्द असतो रेष्ट्सशुट्झफाल, मराठीत सरळ म्हणायचं तर "विम्याचं प्रकरण". पॉलिसी चालू असताना आणि वेटिंग पिरियड संपल्यावर हे प्रकरण घडलं पाहिजे. अपघात असेल तर सोपं, धडकेची तारीख. पण करारातलं भांडण? तिथे नमुना कलम म्हणतं की तुम्ही किंवा दुसऱ्या कुणी कायद्याचं वा कराराचं कर्तव्य मोडलं, किंवा मोडलं असं म्हटलं जातंय, तो क्षण. "म्हटलं जातंय" हे शब्द नीट बघा. मोडलंय की नाही ते कोर्ट नंतर ठरवेल, पण आरोप कुठल्या दिवसाबद्दल आहे त्यावर विमा ठरतो. आणि असे प्रसंग एकामागोमाग असतील तर पहिला धरायचा.

साहजिकच कंपनी तारीख मागे ढकलायला बघते आणि गिऱ्हाईक पुढे.

२००८ ची केस बघा. एका कंपनीने माणसाला बोलावून सांगितलं की पदं कमी होतायत, आपसात नोकरी सोडायच्या कागदावर सही कर नाहीतर काढून टाकू. तो वकिलाकडे गेला. विमा कंपनी म्हणाली अजून नोटीसच कुठे आलीय, नुसतं बोलणं झालंय, प्रकरण घडलेलं नाही. कार्ल्सरूहने नोव्हेंबर २००८ मध्ये निकाल दिला की धमकी हेच प्रकरण, कारण न दाखवता काढण्याची धमकी देणं हेच त्याच्या म्हणण्यानुसार कर्तव्य मोडणं झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कामगाराला आता नोटीस यायच्या आधीच वकील मिळणार. बरोबरच आहे. पण या तलवारीला दुसरी धार आहे. धमकी हेच प्रकरण असेल तर प्रकरणाची तारीखही धमकीचीच, मग बॉसने फेब्रुवारीत खोलीत बोलावून धमकावलं, तुम्ही घाबरून मार्चमध्ये विमा घेतला, नोटीस ऑगस्टमध्ये आली, तर तीन महिने उलटूनही उपयोग शून्य. ऑगस्टची नोटीस फेब्रुवारीच्या शेपटाला बांधलेली. ज्यांना ज्यांना "उशीर झाला" असं उत्तर मिळतं त्यातले कितीतरी असे, आणि त्यांना वाटतं आपला वेटिंग पिरियड मोजण्यात काहीतरी चूक झाली.

मग कंपन्या अजून मागे गेल्या. भांडण आज असलं तरी त्याचं बीज जुन्या करारात आहे, म्हणून करार केला ती तारीख धरा. एप्रिल २०१३ ला कोर्टाने एका जुन्या लाइफ इन्शुरन्सच्या केसमध्ये हे थांबवलं, आपला गिऱ्हाईक समोरच्यावर काय आरोप करतोय तेवढंच बघायचं, बाकी इतिहास उकरायचा नाही. कंपन्यांनी पॉलिसीत स्पष्ट कलम घातलं की वादाला कारण ठरलेला जुना कागदही मोजणार. जुलै २०१८ ला तेही कलम उडालं, कारण वाचणाऱ्या साध्या माणसाला त्यातून काय कळणार. राहता राहिलं ते तुमच्यावरच कुणी दावा लावला तर? तेव्हा तरी समोरच्याच्या आरोपाची तारीख? मार्च २०२१ ला उत्तर आलं, तेव्हाही नाही, तुमच्याच म्हणण्यावर ठरणार.

एवढं तारखेवार तोंडपाठ असायचं कारण घरचंच आहे. घर भाड्याने घेतलं २०१६ ला, विमा काढला मार्च २०२१ ला, किल्ल्या परत दिल्या जुलैत. नोव्हेंबरात घरमालकाचं पत्र, भिंती रंगवून दिल्या नाहीत सबब डिपॉझिट मिळणार नाही. डिपॉझिट म्हणजे तीन महिन्यांचं भाडं, सोडून द्यायची रक्कम नाही. करारात ठरावीक वर्षांनी रंग द्यायचाच असं कडक कलम होतं आणि असली कलमं २००४ पासून इथे चालत नाहीत, म्हणजे केस चांगली. विम्याच्या हॉटलाइनला फोन लावला, पलीकडच्या बाईंनी नाव, पॉलिसी नंबर घेतला आणि मग विचारलं "कधीपासून?" मी आपला सरळ मनाने म्हणालो, कलम तर पहिल्यापासूनच चुकीचं होतं. झालं. आठवड्याभरात नकार, चुकीचं कलम २०१६ चं, पॉलिसी २०२१ ची.

डिझेल गाड्यांच्या घोटाळ्यात, म्हणजे फोक्सवागनने प्रदूषणाच्या चाचणीत लबाडी केली त्यात, हेच उलटं चाललं. २०१५ च्या सप्टेंबरात बातमी फुटली, पण तारीख धरायची ती गाडी घेतल्याची, त्यामुळे बातमी वाचून विमा काढायला धावलेल्यांना काही नाही आणि गाडी घेताना ज्यांच्याकडे पॉलिसी होती, विसरून गेलेली का असेना, त्यांची चांदी. अर्थात लगेच नाही. कंपन्यांनी आधी जिंकायची शक्यता नाही म्हणून शेकडो अर्ज परत लावले, लोक आधी स्वतःच्या विमा कंपनीशी लढले आणि मग गाडीवाल्याशी. मे २०२० मध्ये कार्ल्सरूहने भरपाईचा हक्क मान्य केल्यावर वारं फिरलं. जून २०२४ च्या निकालात तर असंही आलं की नकार दिल्यानंतर कायद्याचा अर्थ गिऱ्हाइकाच्या बाजूने बदलला तर तोही हिशोबात घ्यायचा. याच गोंधळातून नोव्हेंबर २०१८ ला ग्राहकांसाठी सामूहिक दाव्याची सोय आली, नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, आणि ऑक्टोबर २०२३ पासून अशा दाव्यात थेट पैसेही मिळू शकतात. एकसारख्या हजारो तक्रारी असतील तर विम्याची गरज तेवढी कमी झाली. रंगवलेल्या भिंतीसाठी मात्र सामूहिक दावा नसतो.

अजून एक कलम आहे जे विकताना सांगत नाहीत. बारा महिन्यांत दोन प्रकरणं झाली की कंपनी पॉलिसी बंद करू शकते, आणि नव्या कंपनीच्या फॉर्मवर आधीच्या कंपनीने काढलं होतं का हा प्रश्न असतोच. म्हणून इथले जुने लोक हा विमा असूनही छोट्या भांडणाला वापरत नाहीत, पार्किंगच्या दंडावर एक प्रकरण कशाला घालवायचं.

माझ्या डिपॉझिटचं पुढे असं झालं की वकिलीणबाईंनी कंपनीला एका पानाचं पत्र लिहिलं, २०१८ आणि २०२१ च्या दोन निकालांचे नंबर टाकले, आणि एक वाक्य, की आमचा आरोप कलमाबद्दल नाही, डिपॉझिट परत न देण्याबद्दल आहे. दहा दिवसांनी मंजुरी आली. माझ्या खिशातून डिडक्टिबलचे १५० युरो गेले. मंजुरीच्या कागदावर प्रकरणाची तारीख छापली होती, नोव्हेंबर २०२१.