मिरचीची जेली

मिरची, व्हिनेगर, साखर आणि पेक्टिन (जेली जमवणारे वनस्पतिजन्य द्रव्य) एकत्र उकळून केलेला, थंड झाल्यावर थरथरता घट्टपणा येणारा गोड-आंबट-तिखट पदार्थ. अमेरिकेत याला पेपर जेली म्हणतात. टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, जॉर्जिया अशा दक्षिणेकडील राज्यांत तो विशेष रुळलेला आहे. तिथे तो घरी करून बरण्यांत भरतात, नाताळात भेट म्हणून देतात आणि शेतकरी बाजारांत विकतात. हालापिनो या तिखट मिरचीच्या जेलीचे जन्मगाव असल्याचा मान टेक्सासमधील लेक जॅक्सन या गावाला दिला जातो. मात्र घरगुती पाककृतींचे जन्मगाव ठरवण्याच्या फंदात न पडलेले बरे.

बहुतेक पाककृतींत प्रमाणाने सर्वांत जास्त असते ती तिखट नसलेली ढोबळी मिरची. रंग, वास आणि गर तिचा. तिखटपणा हालापिनो, सेरानो किंवा हाबानेरो या मिरच्यांचा. विल्बर स्कोव्हिल याने १९१२ मध्ये सुचवलेल्या तिखटपणाच्या मापनपद्धतीत ढोबळी मिरची शून्यावर, हालापिनो साधारण २,५०० ते ८,००० एककांवर, तर हाबानेरो १,००,००० ते ३,५०,००० एककांवर येते. हालापिनोच्या पाककृतीत तितक्याच वजनाची हाबानेरो घातली तर काय होईल, हे या आकड्यांवरूनच कळावे. तिखटपणा देणारे कॅप्सेइसिन बियांत असते ही समजूत चुकीची आहे. ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गरात तयार होते. बियांना लागते ते तिथूनच. म्हणून जेली सौम्य हवी असेल तर नुसत्या बिया झटकून भागत नाही, तो गर खरवडून काढावा लागतो. हे काम हातमोजे घालून करावे. कॅप्सेइसिन पाण्याने निघत नाही आणि तोच हात डोळ्याला लागला की त्याची आठवण बराच वेळ राहते.

घट्टपणा येतो कसा : सफरचंद, क्विन्स, क्रॅनबेरी अशा फळांची जेली फळाच्या स्वतःच्या बळावर जमते, कारण पेक्टिन आणि आम्ल दोन्ही त्या फळातच असतात. मिरचीकडे जेली जमवण्यापुरते यांपैकी काहीच नसते. त्यामुळे मिरचीची जेली ही खरे तर बाहेरून जुळवून आणलेली जेली आहे. तिच्या पाककृतीतल्या जवळजवळ सगळ्या अटी या एका गोष्टीतून निघतात.

पेक्टिन हे वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतील बहुशर्करा-द्रव्य. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये त्याचे वर्णन केले. पाण्यात पेक्टिनच्या लांब साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्या एकमेकींना दूर लोटतात. आम्लामुळे हा भार कमी होतो. साखर त्यांच्याभोवतीचे पाणी आपल्याकडे ओढून घेते. मग साखळ्या एकमेकींना चिकटून जाळे बनते आणि पाणी त्यात अडकून बसते. नेहमीच्या पेक्टिनला यासाठी सामू (pH, आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) सुमारे ३ आणि विरघळलेल्या घनपदार्थांचे प्रमाण ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास लागते. पाककृतीत साखर इतकी का, असे विचारणाऱ्याला याचे उत्तर चवीत नाही, या आकड्यात सापडते. गोडी कमी करायची असेल तर साखर छाटून चालत नाही, पेक्टिनच बदलावे लागते. अल्प-मेथॉक्सिल पेक्टिन साखरेऐवजी कॅल्शियमच्या साहाय्याने जाळे बांधते, म्हणून त्यासोबत कॅल्शियमचे द्रावण घालतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत द्रवरूप आणि भुकटीरूप पेक्टिन दुकानांत मिळू लागले. मिरचीची जेली कुणाच्याही स्वयंपाकघरात हमखास जमू लागण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

व्हिनेगर इथे दुहेरी काम करते. पेक्टिनला आम्ल पुरवणे हे एक. दुसरे त्याहून महत्त्वाचे. मिरची ही कमी आम्लाची भाजी आहे, तिचा सामू साधारणपणे ४.६ च्या वर असतो. हवाबंद बरणीत अशा सामूवर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूची वाढ होऊन प्राणघातक विष तयार होऊ शकते. त्याचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत. सामू ४.६ च्या खाली ठेवणे हीच त्यावरची अडवणूक. म्हणून ५ टक्के आम्लतेचे व्हिनेगर वापरावे आणि त्याचे प्रमाण कधीही कमी करू नये. मिरच्यांचे एकूण माप तेच ठेवून ढोबळी कमी आणि तिखट जास्त, किंवा उलट, असा बदल चालतो. सुके मसालेही चिमूटभर चालतात. पण मापाबाहेर कांदा-लसूण किंवा जास्तीची मिरची घालणे म्हणजे आम्ल पातळ करणे होय.

कृती : जॉर्जिया विद्यापीठातील राष्ट्रीय गृह-अन्नपरिरक्षण केंद्राच्या पिवळ्या जेलीचे प्रमाण नमुन्यादाखल घेता येईल. चिरलेली पिवळी ढोबळी मिरची ५ कप, चिरलेली सेरानो अर्धा कप, पांढरे व्हिनेगर दीड कप, साखर ५ कप आणि द्रव पेक्टिनचे ३ औंसांचे (सुमारे ८५ ग्रॅम) एक पाकीट. यातून अर्ध्या पाइंटच्या सुमारे पाच बरण्या भरतात. मिरच्या व्हिनेगरसह वाटून दहा मिनिटे उकळायच्या, मग कापडी पिशवीत घालून रस रात्रभर आपोआप ठिबकू द्यायचा. पिशवी पिळली तर जेली गढूळ होते. मोजून घेतलेल्या रसात साखर विरघळवून त्याला ढवळूनही न मोडणारी उकळी आणायची, पेक्टिन घालायचे आणि तशीच उकळी परत आल्यावर बरोबर एक मिनिट ठेवून आचेवरून उतरवायचे. वरचा फेस काढून जेली गरम असतानाच बरण्यांत, तोंडाशी पाव इंच जागा सोडून भरायची. भांडे रसाच्या कितीतरी पट मोठे हवे. हे मिश्रण उकळताना झपाट्याने वर चढते.

रस गाळण्याचा खटाटोप सगळेच करत नाहीत. बारीक चिरलेली मिरची तशीच ठेवलेली जेली अमेरिकी घरांत तितकीच चालते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती दिसायला अधिक देखणीही असते. तिची अडचण एकच : तुकडे वर तरंगून बरणीच्या तोंडाशी गोळा होतात. पेक्टिन घालून उतरवल्यावर पाचेक मिनिटे हलक्या हाताने ढवळत राहिले की तुकड्यांत साखर मुरते, मिश्रणही थोडे दाटते आणि तुकडे जागच्या जागी राहतात.

हिरव्या मिरचीची जेली कधीच मिरचीइतकी हिरवी होत नाही. आम्ल आणि उष्णता यांमुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. दुकानातली झळझळीत हिरवी जेली बहुधा खाद्यरंगाची कृपा असते. लाल-पिवळ्या मिरच्यांतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये मात्र या उकळीत बऱ्यापैकी टिकतात.

बरण्यांचे तंत्र जॉन लँडिस मेसन याने १८५८ मध्ये पेटंट घेतलेल्या, आट्यांचे झाकण असलेल्या काचेच्या बरणीपासून सुरू होते. आज सपाट झाकण आणि वरून आट्यांचे कडे अशी दोन भागांची झाकणे वापरतात. भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात बुडवून समुद्रसपाटीपासून १,००० फुटांपर्यंत ५ मिनिटे, ६,००० फुटांपर्यंत १० मिनिटे आणि त्याहून उंचीवर १५ मिनिटे ठेवतात. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून वेळ वाढतो. वेळ १० मिनिटांपेक्षा कमी असेल तर रिकाम्या बरण्या आधी उकळून निर्जंतुक कराव्या लागतात. जुन्या पिढीत जेलीवर वितळलेल्या मेणाचा थर ओतून ती बंद करत, किंवा गरम बरणी नुसती पालथी ठेवत. मेणाला चिरा पडतात, पालथ्या बरणीचे झाकण नीट बसत नाही; दोन्ही पद्धती आता असुरक्षित मानल्या जातात.

जेली जमलीच नाही, ही यातली सर्वांत सामान्य तक्रार. एका वेळी दुप्पट घाणा घेणे हे तिचे नेहमीचे कारण. मोठ्या मिश्रणाला उकळी यायला वेळ लागतो आणि अधिक वेळ तापलेल्या पेक्टिनच्या साखळ्या तुटतात. द्रव पेक्टिनच्या जागी भुकटी वापरणे हे दुसरे कारण. भुकटी साखरेआधी घालतात, द्रव नंतर, त्यामुळे एकाची पाककृती दुसऱ्याला लागू पडत नाही. तरी एक-दोन दिवस थांबून पाहावे, काही जेली सावकाश जमतात. पातळच राहिलेली जेली वाया जात नाही, मांसावर माखायला ती जास्त सोयीची.

उपयोग : अमेरिकी दक्षिणेतील मेजवान्यांत ८ औंसांची क्रीम चीजची वडी ताटलीत ठेवून तिच्यावर बरणीभर जेली ओततात आणि बाजूला खारी बिस्किटे मांडतात. इतक्या कमी कष्टात इतके कौतुक मिळवणारा पदार्थ शोधून सापडणार नाही. या जोडीमागे रसायनही आहे. कॅप्सेइसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. अमेरिकी मानकानुसार क्रीम चीजमध्ये किमान ३३ टक्के स्निग्धांश असतो, तो जिभेवरचे तिखट उचलून घेतो. त्यामुळे चमच्याने नुसती चाखून जेलीच्या तिखटपणाचा अंदाज बांधणारा फसतो, आणि भांड्यातली गरम जेली चाखणारा तर हमखास. जिभेवरच्या ज्या ग्राहींना (संवेदना टिपणाऱ्या रेणूंना) कॅप्सेइसिन चेतवते तेच ग्राही उष्णतेनेही चेततात. थंड करून, चीजसोबत चाखावे.

भाजलेल्या हॅमवर, डुकराच्या मांसावर किंवा कोंबडीवर ती लेप म्हणून लावतात, पण शेवटच्या १५-२० मिनिटांतच. आधी लावल्यास साखर करपून कडवट होते. मेंढीच्या मांसासोबत पुदिन्याच्या जेलीऐवजी, चेडार चीजच्या सँडविचमध्ये, मक्याच्या पावावर आणि थँक्सगिव्हिंगनंतर उरलेल्या टर्कीसोबतही ती खाल्ली जाते. चमचाभर जेली तेल आणि व्हिनेगरमध्ये फेटली की सॅलडवर घालायला तयार ड्रेसिंग मिळते. नीट बंद केलेली बरणी थंड, अंधाऱ्या जागी वर्षभर चांगली राहते. उघडल्यावर शीतकपाटात ठेवावी लागते.