बरं वाटतंय, आता गोळ्या बंद करू का?

आमच्या सिस्टर ज्यांच्या घरी येतात, त्या कुटुंबांसाठी

आम्हाला येणारे बरेचसे फोन एकाच वळणाचे असतात. "सिस्टर, परवापर्यंत छान होते हो. आज सकाळपासून चक्कर, मळमळ, नुसती चिडचिड. आजार उलटला का?" आम्ही विचारतो, नैराश्याची गोळी चालू आहे ना? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "बरं वाटत होतं म्हणून चार दिवसांपूर्वी थांबवली."

ताप उतरला की तापाची गोळी बंद करतो, तसं नैराश्याच्या गोळीचं नाही. गुण दिसायलाच २ ते ४ आठवडे लागतात, पुरता परिणाम कळायला ६ ते ८. बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर ती साधारण ६ ते ९ महिने चालू ठेवतात, कारण आधी सोडली तर आजार परतण्याचा धोका वाढतो. एकदम तोडली तर दोन-चार दिवसांत झोप उडते, गरगरतं, नजर वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होतं. यातल्या पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या गोळ्यांना हा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन शरीरात रेंगाळतं, म्हणून कमी. घरचे लगेच म्हणतात, व्यसन लागलं. तसं नाही. शरीराला सवय झालेली असते, म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा असतो, तोही डॉक्टरांनी.

एखादी गोळी राहिली तर आठवल्यावर घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम नकोत.

सुरुवातीची मळमळ, डोकेदुखी बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत ओसरते. लैंगिक तक्रारी मात्र टिकू शकतात, आणि लाजेपोटी गुपचूप गोळी सोडणारे आम्ही बरेच पाहिलेत. डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात, पण त्यांना कळायला तर हवं! सर्दी-खोकल्याचं किंवा दुखण्याचं औषध घेतानाही ही गोळी चालू असल्याचं सांगा. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, खोकल्यावरचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याशी तिचं जमत नाही.

आमच्या सिस्टर दर भेटीत स्ट्रिप मागून गोळ्या मोजतात. काहींना ती पोलिसी चौकशी वाटते. पण मागच्या भेटीला १० गोळ्या होत्या, रोजची एक, आठ दिवसांनी ७ उरल्या, तर पाच दिवस कुठे गेले? हे कळलं नाही तर औषध लागू पडत नाही असं समजून डॉक्टर डोस वाढवतात आणि महिनाभर वाया जातो. मोजणी आम्ही सोडणार नाही.

"जीव नकोसा वाटतो का?" हेही सिस्टर थेट विचारतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. पहिले काही आठवडे, विशेषतः पंचविशीच्या आतल्या पेशंटकडे बारीक लक्ष हवं. अचानक बेचैनी, रात्र-रात्र जागरण किंवा मरणाची भाषा दिसली तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, पेशंटला एकटं सोडू नका. तोवर गोळ्यांचा डबा घरच्यांच्या ताब्यात असू द्या.

डोस उतरवायचं ठरलं की आम्हाला कळवा. त्या काळात आम्ही भेटी जवळजवळ ठेवतो आणि रोजच्या नोंदींचा कागद डॉक्टरांना दाखवायला तयार करून देतो. रिकाम्या स्ट्रिप मात्र सिस्टर येईपर्यंत फेकू नका.