अडलेलं बाळंतपण आणि फिश्चुला: एका जुन्या जखमेची पार्श्वभूमी

फिश्चुला म्हटलं की आपल्याकडे आधी भगंदर आठवतं. ही जखम वेगळी. बाळंतपण अडलं की मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधला पडदा सडतो आणि तिथे भोक पडतं. कधी मागच्या बाजूला गुदाशयाशीही पडतं. मग लघवी दिवसरात्र, झोपेतसुद्धा, झिरपत राहते.

बाळाचं डोकं ओटीपोटाच्या हाडांत अडकतं, कळा मात्र थांबत नाहीत. पुढे ओटीपोटाचं पुढचं हाड, मागे डोकं, मध्ये मूत्राशय चेपलेलं. दोन-तीन दिवस हा दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो. बाळ बहुतेक वेळा पोटातच दगावतं. मेलेला भाग गळून पडायला आणखी तीन ते दहा दिवस लागतात, म्हणून बाळंतीण घरी सावरतेय असं वाटत असतानाच गळती सुरू होते. नसांवरही दाब आलेला असेल तर पाऊल लुळं पडतं आणि चालताना बोटं जमिनीला घासतात.

इजिप्तमधल्या हेन्हेनित या राणीची ममी साधारण इ.स.पूर्व २०५० ची. १९३५ मध्ये शरीररचनातज्ज्ञ डेरी यांनी ती तपासली, तेव्हा अरुंद ओटीपोट आणि मूत्राशयाला पडलेलं मोठं भोक, दोन्ही दिसलं. राजवाड्यातल्या बाईचीही यातून सुटका नव्हती.

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरांचं नाव येतंच. अमेरिकेत अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत १८४५ ते १८४९ या काळात त्यांनी गुलाम स्त्रियांवर प्रयोग केले. ॲनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांतली तीन नावं आज माहीत आहेत. एकट्या ॲनार्कावर ३० वेळा शस्त्रक्रिया झाली, तीही भूल न देता. ईथरची भूल १८४६ मध्येच जगापुढे आली होती. नकार देण्याची मुभा या स्त्रियांना नव्हती. रेशमाच्या टाक्यांत पू व्हायचा. चांदीची तार वापरल्यावर जखम भरून आली आणि १८५२ मध्ये पद्धत प्रसिद्ध झाली. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून २०१८ मध्ये हलवला. आमच्या मते या इतिहासात आधी त्या तिघींची नावं घ्यायला हवीत.

पण श्रीमंत देशांतून ही जखम जवळपास नाहीशी झाली ती टाक्यांमुळे नव्हे. वेळेवर सिझेरियन मिळू लागलं, म्हणून. जिथे ते मिळत नाही तिथे ती आजही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दर वर्षी ५० हजार ते १ लाख स्त्रियांना ती होते, मुख्यतः आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला आणि आशियात.

इथिओपियात रेजिनाल्ड आणि कॅथरीन हॅमलिन हे डॉक्टर दांपत्य १९५९ मध्ये आलं. १९७४ मध्ये त्यांनी अदिस अबाबात फक्त फिश्चुलासाठी रुग्णालय उभारलं. या दांपत्याकडे आधी रुग्ण म्हणून आलेल्या मामितू गाशे पुढे स्वतः शस्त्रक्रिया करू लागल्या आणि इतर डॉक्टरांना शिकवू लागल्या.

शस्त्रक्रियेत कंबरेखाली भूल देतात. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्यांची तोंडं आधी शोधून सांभाळावी लागतात. मग मूत्राशय योनिमार्गापासून भरपूर मोकळं करतात, कारण ताण देऊन घातलेला टाका उसवतोच. शेवटी मूत्राशयात निळं पाणी भरून कुठे झिरपतंय का ते पाहतात. पुढचे दिवसही तितकेच नाजूक असतात. लघवी बाहेर काढायला बसवलेली नळी तुंबली की मूत्राशय फुगतं आणि टाके तुटतात. म्हणून रुग्णाला भरपूर पाणी पाजायचं, लघवी अखंड थेंब-थेंब पडतेय का ते बघायचं, नळीला पीळ पडू द्यायचा नाही. पूर्वी नळी दोन आठवडे ठेवत. साध्या फिश्चुलात ७ दिवस पुरतात, हे आठ देशांतल्या अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवलं. भोक बुजूनही काहींची गळती राहते, कारण लघवी रोखणारा स्नायूच नष्ट झालेला असतो.

गळती सुरू झाल्याबरोबर आलेल्या बाईला कधीकधी शस्त्रक्रिया लागतच नाही. ताजं, लहान भोक चार ते सहा आठवडे नळी ठेवून आपोआप भरतं. नायजेरियात कीस वाल्डाइक या डॉक्टरांनी हे अनेक रुग्णांवर करून दाखवलं. अडचण एवढीच की बायका येतात वर्षांनंतर, बऱ्याचदा नवऱ्याने घराबाहेर काढल्यावर.

जखम टाळण्याचं साधं साधन म्हणजे पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण किती पुढे सरकलं ते वेळोवेळी नोंदवायचा तक्ता. १९७२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात (आजचं झिंबाब्वे) फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी त्यावर दोन रेघा आखल्या: एक सावधानतेची, दुसरी तिच्या चार तास पुढे, कृतीची. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं याची खूण पहिली रेघ ओलांडून उजवीकडे गेली की बाईला मोठ्या रुग्णालयात हलवायचं, असा त्यांचा नियम होता. पण कागद भरणारी सुईण हवी आणि गाडीही हवी. २००७ मध्ये हॅमलिन यांनी सुईणींचं महाविद्यालय काढलं ते याचसाठी: खेड्यातल्या मुली निवडायच्या, शिकवायच्या आणि त्यांच्याच भागात परत पाठवायच्या. बरी होऊन गेलेली बाई पुन्हा गरोदर राहिली तर तिलाही या सुईणींकडेच नाव नोंदवायला सांगतात. कळा सुरू होण्याआधीच तिला रुग्णालयात आणून सिझेरियन करायचं असतं.