बिमा मधोमध की समोर?

सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, बाहेरून कसे दिसावे, याला धर्मशास्त्राचे बंधन थोडेच. आतला प्रश्न मात्र जुना आणि चिवट आहे: तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचण्याचा चौथरा, अर्थात बिमा, कुठे बांधायचा?

बाराव्या शतकातल्या धर्मसंहितेने तो मधोमध सांगितला, वाचन सर्वांच्या कानी पडावे म्हणून. सोळाव्या शतकातल्या एका भाष्याने जागा स्थळकाळावर सोडली. एकोणिसाव्या शतकात सुधारकांनी बिमा तोरापेटीजवळ (तोराच्या गुंडाळ्या ठेवायच्या कपाटाजवळ), जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीशी नेला. बुडापेस्टच्या दोहान रस्त्यावरचे १८५९चे भव्य सिनेगॉग असेच आहे. सनातन्यांना ही चर्चची नक्कल वाटली. त्यांच्या लेखी बिमा म्हणजे जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिरातली वेदी. ती अंगणाच्या मध्यात होती, तर बिमाही मध्यातच हवा. हंगेरीतल्या धर्मगुरूंनी १८६५ साली मध्यात बिमा नसलेल्या सिनेगॉगमध्ये पाऊल ठेवायलाही मनाई केली. मनाई टोकाची होती, पण तिच्यामागचा आग्रह मला पटतो. भोवती लोक बसले असतील तर वाचणारा त्यांच्यातलाच एक असतो; भिंतीशी गेला की तो मंचावरचा होतो आणि बाकीचे प्रेक्षक.

१९४५ नंतर अमेरिकेच्या उपनगरांत हा निर्णय धर्मचर्चेपेक्षा गर्दीनेच घेतला. ज्यू नववर्षाला आणि योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, एरवीच्या कितीतरी पट माणसे येतात, म्हणून प्रार्थनागृह आणि शेजारच्या सभागृहामध्ये सरकती भिंत आली. ती उघडली की जागा मागे लांबत जाते. मधला बिमा मध्यात राहत नाही, वर मागच्यांना आडवा येतो. समोरचाच सोयीचा ठरला.

प्रतीकांचा भार मग इमारतीच्या अंगावर आला. न्यू जर्सीतल्या मिलबर्नला १९५१ साली दर्शनी भिंतीवर मोशेला दिसलेल्या जळत्या झुडपाचे धातुशिल्प बसले. फिलाडेल्फियाजवळच्या एल्किन्स पार्कमध्ये १९५९ साली काच-प्लास्टिकचा पिरॅमिड, मोशेला तोरा मिळाली तो सिनाय पर्वत म्हणून, उभा राहिला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये, १९३८ साली जाळलेल्या सिनेगॉगच्या जागी, २००१ पासून एक खिडकीविना ठोकळा आहे. त्याचे थर किंचित वळत वळत पूर्वेला तोंड करतात. आत धातूच्या जाळीचा तंबू टांगलेला आहे: बाहेरचा दगड मंदिराचा, आतला तंबू ज्यूंच्या पूर्वजांच्या वाळवंटातल्या भटकंतीचा.

कोकणातल्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, जुन्या सिनेगॉगांत बिमाला तेबा म्हणतात. अलिबागला, पनवेलला तो कठड्याने वेढलेला, बाकांच्या मधोमध आहे.