मासा ताठ का होतो?

पाण्यातून काढला आणि तासाभरात तव्यावर टाकला, तरच तो खरा ताजा मासा, असं आमच्या घरी सगळेच मानत आले. त्याच समजुतीपायी गेल्या नोव्हेंबरात मी एक उत्तम मासा वाया घालवला. न्यू जर्सीत सँडी हूकच्या किनाऱ्यावर पहाटेपासून गळ टाकून उभा होतो. उजाडता उजाडता पट्टेरी बास लागला. २९ इंच लांब, चंदेरी अंग, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत सरळ काळ्या रेघा. दहाएक मिनिटं झुंजला. घरी येताच तुकड्या केल्या, मीठ-हळद-तिखट लावून तव्यावर सोडल्या, आणि प्रत्येक तुकडी आखडून वाटीसारखी वर आली. खाताना रबर चावल्यासारखं वाटलं.

हा मासा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा. राहतो समुद्रात, पण अंडी घालायला वसंतात चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत, हडसन नदीत, गोड्या पाण्याकडे चढतो. आपला जिताडा नेमका उलटा: वाढतो खाडीत, नदीत आणि अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो. बेसुमार मासेमारीनं पट्टेरी बास इतका घटला होता की १९८५ ते १९९० या काळात मेरीलँड राज्यानं त्याच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली. आज समुद्रकिनारी २८ ते ३१ इंचांमधलाच मासा घरी नेता येतो. त्याहून मोठ्या माद्या लाखोंनी अंडी घालतात, म्हणून त्यांना परत सोडायचं.

आता तुकडी का आखडली ते बघू. याचं उत्तर स्नायूंच्या रसायनात आहे आणि ते मला आजही थक्क करतं.

स्नायूत ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांचे धागे शेजारी शेजारी असतात. मायोसिनला बारीक मुंडकी असतात. ती ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे धरतात, रस्सीखेचीत आपण हात बदलत दोर खेचतो तसं. शाळेत शिकलेलं एटीपी हे याचं इंधन. ओढायला ताकद लागते हे कुणालाही पटेल. पण सोडायलाही एटीपी लागतं! त्याचा रेणू मुंडक्याला येऊन चिकटल्याशिवाय पकड सुटतच नाही. म्हणून एटीपी संपलं की धरलेला हात धरलेलाच राहतो. मेलेला मासा ताठ होतो तो यामुळे.

मासा मेल्यावर एटीपी लगेच संपत नाही. ऑक्सिजन बंद झाला तरी स्नायू साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, तोडून थोडंथोडं एटीपी बनवत राहतात. त्यात लॅक्टिक आम्ल साचतं आणि पीएच सातच्या खाली घसरू लागतो. साठा सरला की ताठरता येते. पुढे कॅथेप्सिन, कॅल्पेन ही स्नायूतलीच विकरं धाग्यांची बांधणी कुरतडतात आणि मांस पुन्हा सैल होतं. मुंडक्यांची पकड तशीच असते, ती ज्या चौकटीला बांधलेली असते ती चौकट ढिली पडते. बर्फात ठेवलेल्या माशाला यासाठी एखाद-दोन दिवस लागतात.

माझ्या माशानं झुंजण्यातच बराच साठा उधळला होता. झटक्याचं पोहणं पांढऱ्या स्नायूचं काम, आणि तो ऑक्सिजनवाचून ग्लायकोजेनवर चालतो. त्यामुळे दमलेला मासा लवकर आणि जोरात ताठ होतो. मी नेमका तेव्हाच सुरी चालवली. हाडाचा आधार सुटलेलं मांस आच लागताच आक्रसलं.

बाजारात बांगडा डोक्याकडून आडवा धरून वाकतो का बघतात, ती परीक्षा याच पकडीची. ताठ म्हणजे ताजा, हे बरोबरच आहे. ताठ म्हणजे शिजवायला तयार, हे मात्र चूक. उलट बर्फातल्या त्या दिवसात एटीपी तुटत तुटत इनोसिनिक आम्ल तयार होतं, आणि माशाच्या भरदार चवीत त्याचा मोठा वाटा असतो. फार दिवस ठेवला तर त्यातूनच कडवट हायपोझँथिन बनतं.

हेच लॅक्टिक आम्ल सोडून दिलेल्या माशालाही भोवतं. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि दमलेला मासा सावरत नाही. सोडलेल्यांपैकी सरासरी ९ टक्के मरतात, असं इथले मत्स्यशास्त्रज्ञ हिशेबात धरतात. म्हणून गळाला लागलेला मासा फोटोसाठी खेळवत, हवेत धरून ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड येतं, ही भीतीही आपण टाकून द्यायला हवी. न्यू इंग्लंडमध्ये मासे दुधात शिजवून चाउडर करतात, ते पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जातंय. कोडात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती रंगद्रव्याच्या पेशींवर उलटते. त्याचा ताटातल्या माशाशी संबंध नाही.

डिसेंबरात दुसरा मासा मिळाला. पटकन ओढून घेतला, मारून लगेच कल्ल्यांपाशी चीर देऊन रक्त जाऊ दिलं आणि बर्फ-पाण्याच्या काल्यात बुडवला. तिसऱ्या दिवशी तो हातात मऊ वाकला. कातडीखालचा लाल पट्टा काढून टाकला, कारण उग्र वास तिथंच जास्त. तुकड्यांना कोकमाचं आगळ चोळलं. माशाच्या वासाचं ट्रायमिथाइल अमाइन आम्लाशी बांधलं गेलं की उडून नाकापर्यंत येत नाही. मग रवा लावून मध्यम आचेवर ठेवल्या. माशाचं कोलॅजन, म्हणजे मांसाचे पापुद्रे बांधून ठेवणारं प्रथिन, मटणातल्या कोलॅजनहून बऱ्याच कमी तापमानाला विरघळतं, त्यामुळे आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअसला पोचलं तेव्हा मांसाचे पापुद्रे सुटायला लागले होते. तुकड्या तव्यावर सपाट बसून होत्या.