ट्रान्स्फर एंट्रॉपी

ट्रान्स्फर एंट्रॉपी : काळाबरोबर बदलणाऱ्या दोन प्रक्रियांपैकी एकीचा भूतकाळ कळल्याने दुसरीच्या पुढच्या स्थितीविषयीची अनिश्चितता किती घटते, हे सांगणारी माहिती सिद्धांतातील राशी. दुसरीच्या स्वतःच्या भूतकाळावरून जेवढे कळते तेवढे आधीच वजा केलेले असते. ही राशी बहुधा बिटमध्ये देतात. क्लॉड शॅनन यांची एंट्रॉपीची, म्हणजे अनिश्चिततेच्या मापाची, व्याख्या (१९४८) हा तिचा पाया होय. मेंदूचे विद्युत आलेख, हवामान व शेअर बाजार यांच्या अभ्यासात ती वापरली जाते.

शॅनन यांच्या चौकटीतील परस्पर माहिती, म्हणजे एक चल कळल्याने दुसऱ्याविषयी किती कळते याचे माप, दोन्ही बाजूंनी सारखीच येते. प्रभावाची दिशा तिच्यातून कळत नाही. टोमास श्रायबर यांनी २००० मध्ये स्थितींऐवजी एका स्थितीतून दुसरीत जाण्याच्या संभाव्यतांवर मोजणी बेतली आणि या राशीला आजचे नाव दिले. श्वसनरोधाचा विकार असलेल्या एका झोपलेल्या रुग्णाच्या हृदयगती व श्वसनाच्या नोंदींवर त्यांनी ती वापरून दाखवली.

कल्पनेचे श्रेय मात्र विवाद्य आहे. एका मालिकेमुळे दुसरीचे भाकीत सुधारत असेल तर पहिलीला कारण मानावे, हा विचार नॉर्बर्ट वीनर यांनी १९५६ मध्ये मांडला. क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये त्याला रेषीय संख्याशास्त्रीय रूप दिले. गाउसीय (घंटाकृती वितरण असलेल्या) चलांसाठी ग्रेंजर यांचे माप आणि ट्रान्स्फर एंट्रॉपी यांत केवळ दोनाच्या गुणकाचा फरक उरतो, असे बार्नेट, बॅरेट व सेठ यांनी २००९ मध्ये दाखवले. दरम्यान हान्स मार्को यांच्या द्विदिश संदेशवहनावरील निबंधात (१९७३) स्वतःच्या भूतकाळावरून कळणारा भाग वगळणारी जवळजवळ हीच वजाबाकी आढळते. जेम्स मॅसी यांची दिशायुक्त माहिती (१९९०) तिच्यावरच उभी आहे. मिलान पालुश व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वापरलेली सशर्त (आणखी एक चल आधीच ज्ञात धरून मोजलेली) परस्पर माहितीही तत्त्वतः हेच माप होय. नाव श्रायबर यांचे असले, तरी सूत्राचा मान मार्को यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक दिसते.

या राशीला माहितीचा ‘प्रवाह’ म्हणावे का, यावरही मतभेद आहेत. क्ष व य ही प्रत्येक क्षणी ० किंवा १ असणारी, परस्परांपासून स्वतंत्र अशी यदृच्छ चले घ्यावीत. दोन्ही सारखी असतील तर क्षचे पुढचे मूल्य ०, वेगळी असतील तर १, असा नियम ठेवावा. येथे यकडून क्षकडे येणारी ट्रान्स्फर एंट्रॉपी पूर्ण १ बिट भरते. पण एकट्या यवरून क्षच्या पुढच्या मूल्याविषयी काहीच कळत नाही. तो बिट दोघांच्या संयोगातून येतो. जेम्स, बार्नेट व क्रचफील्ड यांचा हा आक्षेप (२०१६) सहज बाजूला सारता येण्याजोगा नाही. शिवाय दोन्हींवर परिणाम करणारी तिसरी प्रक्रिया नोंदीत नसेल, तर नसलेला संबंध दिसू शकतो.

प्रत्यक्ष गणनेत अपुऱ्या नोंदींमुळे राशी फुगते. म्हणून मालिकेचा क्रम विस्कटून येणारी किंमत वजा करण्याची पद्धत मार्शिन्स्की व कांट्झ यांनी डाऊ जोन्स आणि डॅक्स निर्देशांकांच्या अभ्यासात (२००२) अवलंबिली. चुंबकीय पदार्थाच्या द्विमितीय आयझिंग प्रतिमानात (जालावर मांडलेल्या, वर किंवा खाली वळणाऱ्या सूक्ष्म चुंबकांच्या) संपूर्ण जालाची ट्रान्स्फर एंट्रॉपी अवस्थांतराच्या, म्हणजे अव्यवस्थेतून व्यवस्थेत जाण्याच्या, बिंदूवर नव्हे, तर त्याआधी, अव्यवस्थित अवस्थेतच शिखर गाठते, असे २०१३ मध्ये दिसून आले. अवस्थांतराची पूर्वसूचना म्हणून तिच्याकडे पाहिले जाते ते यामुळेच.